फोन ठेवू नका, मॅडम

माझी भावजय वर्लीन जन्माची भित्री. कुत्र्याला भिते, सरकत्या जिन्याला भिते, आणि ढग गडगडले की टीव्हीची वायर काढून, आरशांवर चादरी टाकून, आतल्या बोळात खुर्ची मांडून बसते. तेवढा वेळ आम्हीही तोंड उघडायचं नाही. माझ्या भावाने, रोस्कोने, तिला पहिल्यांदा घरी आणली तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं होतं, "ओडेसा, ही पोरगी स्वतःच्या सावलीला दचकते. हिचं कसं होणार?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. नणंदेने द्यावं तसंच दिलं असेल.

आणि हीच वर्लीन सगळा जन्म देशातल्या सगळ्यात मोठ्या घरात टेलिफोनच्या बोर्डावर बसली. राष्ट्राध्यक्षांना कुणाशी बोलायचं असलं की त्यांचा दिवा लागायचा, ही म्हणायची "येस, मिस्टर प्रेसिडेंट," आणि तो माणूस जगात कुठेही असो, शोधून जोडून द्यायची. कुणी मासे धरायला गेलेला, कुणी न्हाव्याकडे, कुणी जिथे नसायला हवं तिथे. आम्ही वॉशिंग्टनचे जुने लोक त्या घराचं नाव घेत नाही, नुसतं 'घर' म्हणतो. वर्लीन घरात कामाला आहे एवढं कळलं की चर्चमधल्या बायका पुढचं विचारायच्या नाहीत. विचारून उपयोगही नव्हता. रोस्को बस चालवायचा, रोज संध्याकाळी बसमधली भांडणं नकलांसकट सांगायचा. ती हसायची, आणि स्वतःबद्दल एवढंच सांगायची, "आज पुष्कळ फोन होते."

कानाला बोर्डाचं यंत्र लावलं की तिची भीती कुठे जायची देव जाणे. आवाजच वेगळा व्हायचा, उबदार, घाई नसलेला. मी एकदा तिच्या कामावर फोन केला होता, रोस्को पायऱ्यांवरून पडला तेव्हा. "शांतपणे सांगा, मी ऐकतेय," ती म्हणाली आणि मी खरंच शांत झाले. मग तिला कळलं की पडलेला तिचाच नवरा आहे, आणि ती किंचाळली.

बोर्डावरच्या बायकांचे दोन नियम. कानावर पडलं ते पोटात ठेवायचं. आणि बोर्डावरच्या बाईने फोन आधी ठेवायचा नाही. समोरचा ठेवेल तेव्हा ठेवेल, तोवर आपण आहोत. दुसऱ्या नियमाने आमच्या घरात फार ताप दिला. छप्पर विकणाऱ्या एका माणसाने तिला इतका वेळ धरून ठेवलं की चुलीवरचा घेवडा करपला. "ठेव ना तो फोन!" मी ओरडले. "त्याचं संपलं नाही अजून," ती म्हणाली.

एक गोष्ट मात्र ती आपणहून सांगायची, कारण त्यात कुणाचं गुपित नव्हतं. शपथविधीच्या दिवशी भर दुपारी राष्ट्राध्यक्ष बदलतात. सकाळी त्या दिव्यामागे एकाचा आवाज असतो, जेवणानंतर दुसऱ्याचा. दिवा तोच, खुर्ची तीच, आणि ती म्हणते तेही तेच. "जुन्याचा आवाज शेवटचा ऐकते तेव्हा म्हणते, आता हा दिवा पुन्हा लागायचा नाही," ती म्हणायची. "मग नवा बोलतो आणि काही झालंच नाही असं वाटतं." अशी पाचसहा माणसं तिने त्या दिव्याआड बदललेली ऐकली.

त्यातल्या शेवटच्याच्या काळात पिकेट्स बेंडचं धरण फुटलं.

तो दिवस आमच्याकडे कुणी विसरणार नाही. नदीकाठचं लहानसं गाव, वर माती-दगडाचं जुनं धरण, आणि आठवडाभर पाऊस. गावाची नगराध्यक्षा ग्रेटा हॉलोवे नगरपालिकेच्या इमारतीत होती, तिथेच बुडाली. तिच्याबरोबर आणखी पुष्कळ लोक गेले, म्हातारे, लेकरं. सैन्याची हेलिकॉप्टरं आली ती सगळं शांत झाल्यावर. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "त्या गावातून मला कुणाचाही फोन आला नाही. आला असता तर मी त्याच क्षणी सैन्य पाठवलं असतं."

आम्ही तिघं जेवत होतो. वर्लीनच्या हातातला काटा खाली पडला. तो उचलायला ती वाकली, आणि टेबलाखालून बराच वेळ वर आलीच नाही. रोस्कोने वाकून बघितलं तर ती जमिनीवर बसून काट्याकडे बघत होती. "पाठ धरली," ती म्हणाली. त्याच महिन्यात तिने निवृत्ती घेतली.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पडले शाळेत पोरांना जेवण वाढणारी बाई. मला वाटलं, वय झालं.

पुढच्या निवडणुकीत ते महाशय पडले आणि दक्षिणेत जाऊन गोल्फ खेळू लागले. नवे राष्ट्राध्यक्ष आले. संसदेने पिकेट्स बेंडच्या चौकशीला समिती नेमली, आणि एके दिवशी दोन माणसं येऊन वर्लीनच्या हातात समन्स देऊन गेली. त्या दिवशी बोर्डावर तू होतीस, त्या गावातून फोन आला होता का, आला असेल तर काय झालं, ते येऊन सांग. त्याच आठवड्यात माजी राष्ट्राध्यक्षांच्या वकिलांचं पत्र आलं. आमच्या अशिलाशी झालेलं तुझं बोलणं हा त्यांचा विशेषाधिकार आहे, त्यातला एक शब्दही बाहेर काढायचा तुला हक्क नाही, काढलास तर कोर्टात भेटू.

"मी दोघांचंही कसं ऐकू?" वर्लीन म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या ओठांचा रंगच गेला.

आमच्या चर्चमधली इमानी प्रुइट वकील आहे. तिला मी लहानपणी मक्याचा पाव चोरताना पकडलेलं, त्यामुळे ती मला नाही म्हणू शकत नाही. ती येऊन टेबलाशी बसली. "मिस वर्लीन, सोपं करून सांगते. राष्ट्राध्यक्षांनी आपल्या माणसांशी मोकळेपणाने बोलावं म्हणून त्यांचं खाजगी बोलणं झाकून ठेवायचा हक्क असतो. आताच्या राष्ट्राध्यक्षांनी लिहून दिलंय, या बाबतीत आम्ही काही झाकत नाही, बाईंना बोलू द्या. जुने म्हणतात, बोलणं माझं होतं, तर हक्कही माझाच, खुर्ची गेली म्हणून काय झालं."

"मग खरं कोणाचं?" मी विचारलं.

"हक्क माणसाचा नाही, खुर्चीचा, असं कोर्टं म्हणत आलीयेत. पण माजी माणसाला तक्रार करताच येत नाही असंही कोणी म्हणत नाही. त्यांची तक्रार ऐकायची, पण वजन आताच्यांच्या शब्दाला जास्त. किती जास्त, ते कोणी नक्की सांगत नाही. आणि खरं सांगू? आताच्यांचे वकीलसुद्धा घाबरत घाबरतच लिहितात. उद्या त्यांचाही माणूस माजी होणार आहे."

"म्हणजे देशभरच्या वकिलांना ठाऊक नाही, आणि उत्तर द्यायचं आमच्या वर्लीनने," मी म्हणाले.

"उत्तर दिलं नाही तर संसदेचा अवमान, मिस ओडेसा. त्याला तुरुंग आहे. दिलं तर ते कोर्टात खेचतील. त्यात आपण जिंकू, असं मला वाटतं."

"वाटतं," वर्लीन म्हणाली. त्यानंतर तिने चहाला हात लावला नाही.

मग तिचं नाव वर्तमानपत्रात आलं, आणि फोन सुरू झाले. त्या माणसाला अजून देव मानणारे थोडे नाहीत. काही नुसते श्वास घ्यायचे, काही घाण बोलायचे, एक बाई रोज सकाळी आमच्या घराचा रंग, दाराचा रंग आणि रोस्कोच्या टोपीचा रंग सांगायची. आणि वर्लीन? वर्लीन फोन ठेवायची नाही! भिंतीला टेकून, डोळे मिटून, शेवटच्या शिवीपर्यंत ऐकायची. फोन कानाला चिकटलेला. मी हिसकावून आपटायची तेव्हा कुठे सुटायची.

"अगं, त्यांना कशाला मान देतेस?"

"मान नाही देत. हात उठत नाही, ओडेसा."

रोस्कोने दारामागे बेसबॉलची बॅट ठेवली आणि स्वतःच तिला अडखळून पडला. रस्त्यावर एक राखाडी गाडी उभी राहू लागली, आत माणूस, काच वर. मी एकदा तावातावाने जाऊन काचेवर टकटक केली, तर तो शेजारच्या मुलीला न्यायला आलेला तिचा मित्र निघाला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तशी आम्हा तिघांची गत. पण फोनवरची बाई खरी होती, आणि टोपीचा रंग खरा होता. मी धीट म्हणून मिरवते, तरी त्या दिवसांत अंघोळ करताना दार उघडं ठेवायची.

साक्ष बुधवारी होती. मंगळवारी दुपारी मी कोलार्डच्या भाजीची पानं धूत होते. फोन वाजला, वर्लीनने उचलला. मी ओले हात पुसत हिसकावायला निघाले आणि जागच्या जागी थांबले, कारण वर्लीन ताठ उभी राहिली होती. पाठ सरळ, हनुवटी वर. आणि ज्या आवाजाने एकदा मला शांत केलं होतं त्या आवाजात ती म्हणाली, "येस, मिस्टर प्रेसिडेंट."

मी नळ बंद केला. तिकडचा आवाज जुन्या फोनमधून मला स्पष्ट ऐकू येत होता. तो आवाज कोण ओळखणार नाही?

"वर्लीन, बरी आहेस ना?"

"हो, मिस्टर प्रेसिडेंट."

"तुझा आवाज ऐकला की बरं वाटतं बघ. इतकी वर्षं पहाटेपासून तूच. रोस्कोची तब्येत कशी आहे? डाव्या कानाने ऐकू येत नाही ना त्याला?"

रोस्कोचा कान गेला तो ती निवृत्त झाल्यावर. वर्लीनच्या मानेवर काटा आलेला मला दिसला.

"आपलं बोलणं हे घरातलं बोलणं, वर्लीन. घरातलं घरात राहू दे. मी अजूनही तुझा राष्ट्राध्यक्षच आहे, आहे की नाही? मी सांगतोय, नको बोलूस. माझ्या माणसांची मी काळजी घेतो. आणि जी माझी राहत नाहीत त्यांची कोण घेणार, तेच मला कळत नाही."

"येस, मिस्टर प्रेसिडेंट."

तिकडे फोन ठेवला गेला. मग तिने ठेवला. तशीच उभी होती.

"कोण राष्ट्राध्यक्ष?" मी भडकले. "तो? लाल पँट घालून गोल्फ खेळणारा म्हातारा? मतं मोजून लोकांनी घालवलाय त्याला! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो त्याचा. तुझा कशाला जात नाही?"

"सगळेच म्हणतात तसं. तूही म्हणतेस."

तेही खरंच. आमच्याकडची रीतच आहे, एकदा त्या खुर्चीत बसलेला माणूस मरेपर्यंत 'मिस्टर प्रेसिडेंट'. समोर आला असता तर मीही तेच म्हणाले असते, शिव्या देऊन झाल्यावर. वर्लीनने माझा ओला हात धरला. "फोन आला होता हे कुणाला सांगायचं नाही. इमानीलाही नाही. शपथ घे." मी घेतली. नियमासाठी घेतली असं म्हणायला मला आवडेल. पण मीही घाबरले होते. त्याला रोस्कोचा कान ठाऊक होता.

साक्षीची खोली उंच छताची, थंडगार. वर्लीन रविवारची निळी टोपी घालून टेबलाशी बसली, शेजारी इमानी, मागच्या ओळीत मी आणि रोस्को. एका कोपऱ्यात जुन्यांचे वकील, दुसऱ्या कोपऱ्यात आताच्या राष्ट्राध्यक्षांनी पाठवलेला एक चष्मेवाला तरुण. वर समितीचे अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, मऊ बोलणारे गृहस्थ. इमानीने तिला बजावलं होतं, हो तर हो म्हणायचं, नाही तर नाही.

"मिसेस टॉलिव्हर, त्या दिवशी पिकेट्स बेंडच्या नगराध्यक्षांचा फोन आला होता का?"

वर्लीन टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिली.

"प्रश्न ऐकू आला ना?"

"हो, सर."

"मग उत्तर का देत नाही?"

"मला मनाई आहे, सर."

"कुणाची?"

"राष्ट्राध्यक्षांची."

अध्यक्षांनी समोरचा कागद उचलला, आताच्या राष्ट्राध्यक्षांचं परवानगीचं पत्र होतं ते, आणि चष्म्यावरून बघितलं. कोपऱ्यातला चष्मेवाला तरुण उभाच राहिला. "साहेब, हे शक्य नाही! आमच्याकडून कुणी मनाई—"

"बसा. मिसेस टॉलिव्हर, राष्ट्राध्यक्षांनी तुम्हाला मनाई केली? स्वतः?"

"हो, सर."

"कधी?"

"काल दुपारी. घरी फोन आला होता."

इमानीने हळूच कपाळाला हात लावला. अध्यक्ष पुढे झुकले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "कोणते राष्ट्राध्यक्ष, मॅडम?"

तेव्हा वर्लीनला कळलं ती काय बोलून गेली. तिने तोंडावर हात दाबला, पण शब्द गेला होता. बातमीदार एकमेकांच्या पायांवर पाय देत दाराकडे धावले. जुन्यांचे वकील आधी हसले होते, बाई आमच्या माणसाला राष्ट्राध्यक्ष म्हणतेय म्हणून. मग 'काल' या शब्दाचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला आणि हसू मावळलं. अध्यक्षांनी मध्यंतर जाहीर केलं.

बायकांच्या स्वच्छतागृहात वर्लीन बेसिनला धरून उभी होती. टोपी कलली होती.

"मिस वर्लीन, त्यांनी फोन केला आणि तुम्ही मला सांगितलं नाही?" इमानी रडवेली झाली होती.

"फोनवरचं मी कुणाला सांगत नाही, पोरी."

"पण काल ते राष्ट्राध्यक्ष नव्हते! काल ते तुमच्या-माझ्यासारखे एक नागरिक होते, आणि साक्षीदाराला गप्प बस म्हणत होते. या फोनवर कुठला विशेषाधिकार येणार? आता कालचं सांगावंच लागेल. आणि कालचं सांगायचं तर ते कशाबद्दल गप्प बस म्हणत होते, तेही विचारतील."

वर्लीन आरशात बघत होती. मला वाटलं, ही आता कोसळणार. मी तिची टोपी सरळ केली. "तुरुंगाला भितेस? मी रोज डबा आणीन. त्याला भितेस? त्याला आता सगळे बघून घेतील."

"नाही ग."

"मग कशाला भितेस एवढी?"

"तिच्या घरच्यांना कळेल," वर्लीन म्हणाली. "ग्रेटा हॉलोवेच्या. त्याने काय केलं ते कळेलच. पण तिला धरून कुणी ठेवलं तेही कळेल."

मला काही समजलं नाही. बाहेर शिपाई दार वाजवत होता.

ती परत त्या टेबलाशी बसली. तिने कालचा फोन सांगितला, शब्द न् शब्द, रोस्कोच्या कानासकट. जुन्यांचे वकील दोनदा उठले, दोनदा त्यांना बसवलं. मग अध्यक्षांनी पहिला प्रश्न पुन्हा विचारला, आणि ती बोलायला लागली. बोर्डावरच्या आवाजात नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या, ढग गडगडताना असतो त्या आवाजात.

"फोन आला होता. बाई म्हणाल्या, मी पिकेट्स बेंडची नगराध्यक्षा, धरणाला भेग पडलीय, राज्याकडून उत्तर नाही, राष्ट्राध्यक्षांशी बोलायचंय. मी त्यांना कळवलं."

"राष्ट्राध्यक्षांना? तेव्हाच्या?"

"तेव्हाच्या. ते माणसांबरोबर सामना बघत होते. मी म्हटलं, सर, पाण्याची गोष्ट आहे, बाई घाबरल्यात. ते म्हणाले, 'लटकू दे तिला. कंटाळली की ठेवेल.'"

कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला. वर्लीनने वर बघितलं नाही.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी बाईंकडे परत गेले. मला सांगायला हवं होतं की ते येत नाहीत. 'नाहीत' एवढंच. पण त्यांचा आवाज इतका... मला त्यांना धीर द्यायचा होता. मी म्हटलं, 'फोन ठेवू नका, मॅडम. राष्ट्राध्यक्ष येताहेत.' हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी माझ्या मनाने घातलं."

"पुढे?"

"त्या थांबल्या. मी परत परत जाऊन सांगत राहिले, येताहेत, ठेवू नका. मध्येच त्यांना कुणीतरी म्हणालं, ग्रेटा, गाडी तयार आहे, चल. त्या म्हणाल्या, तुम्ही पोरांना घेऊन व्हा पुढे, राष्ट्राध्यक्ष लाइनवर येताहेत. मी परत आत विचारलं, सर, ती अजून आहे. उत्तर आलं नाही. मग त्या मला म्हणाल्या, 'मुली, पाणी जिन्यावर आलंय. तू आहेस ना?' मी म्हटलं, आहे, मॅडम. मग आवाज गेला. मी फोन ठेवला नाही. दुसऱ्या पाळीच्या बाईने माझ्या कानावरून यंत्र काढलं."

रोस्को मला कोपराने ढोसत होता, "काय म्हणाली? काय म्हणाली?" त्याच्या चांगल्या कानात मी काय सांगणार होते? इतकी वर्षं बायको संध्याकाळी म्हणायची, आज पुष्कळ फोन होते. मी त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

जुन्यांचे वकील त्याच दुपारी कोर्टात गेले. 'लटकू दे' हे शब्द त्यांच्या अशिलाचे, म्हणून झाकलेले, ते पुसून टाका, असं त्यांचं म्हणणं. हा वाद अजून एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात फिरतोय. माजी माणसाचा हक्क कुठे संपतो हे कायमचं कुणी ठरवेल असं इमानीला वाटत नाही. माझं मत कुणी विचारलेलं नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. मी मक्याचा पाव भट्टीत टाकला. वर्लीन टोपी न काढताच टेबलाशी बसली, रोस्कोने दार लावून बॅट जवळ घेतली. रस्त्यावर बातमीवाल्यांच्या गाड्या लागल्या होत्या. जरा खट्ट झालं की आम्ही तिघं एकदम दाराकडे बघायचो.

फोन वाजला.

"मी घेते," मी म्हटलं. पण वर्लीन उठली होती. तिने तो कानाला लावला आणि तिचा चेहरा पांढरा पडला, आमच्या काळ्या रंगाच्या माणसाचा जितका पडू शकतो तितका. वकिलांनी त्याला हजारदा बजावलं असेल, पण तो कुणाचं ऐकणारा नव्हताच.

"वर्लीन." एवढंच ऐकू आलं मला. प्रेमळ वगैरे काही नाही आता.

ती ताठ उभी राहिली. सवय. ओठ हलले, आणि मला वाटलं, आले ते तीनही शब्द, येस मिस्टर प्रेसिडेंट. मी डोळे मिटले.

"फोन ठेवू नका, सर," वर्लीन म्हणाली.

आणि तिने फोन टेबलावर ठेवला, मिठाच्या भांड्याशेजारी, तोंड वर करून. मग खुर्चीत बसली आणि हात दोन्ही गुडघ्यांमध्ये दाबले.

"वर्लीन?" टेबलावरून आवाज आला. "वर्लीन!"

"कोण आहे?" रोस्कोने विचारलं. मी वर्लीनला खुणेने सांगितलं, ठेव ना तो, बंद कर. तिने मान हलवली. बोर्डावरची बाई आधी ठेवत नाही. ती फोनकडे बघत बसली होती, लहान मूल अंधाराकडे बघतं तशी, पण नजर काढून घेत नव्हती. आवाज चढला, काहीतरी म्हणाला, पुन्हा चढला. पाव भाजल्याचा वास सुटला तरी मी उठले नाही.

मग खट् झालं आणि नुसती लाइन वाजायला लागली.

वर्लीनने उठून फोन जागेवर ठेवला. त्यावरचा हात काही तिने लगेच काढला नाही.

"ते कंटाळले," ती म्हणाली, आणि रडायला लागली.